लोकमान्य नगरचं भियाचं दुकान: पाच स्टार, आणि त्यातले चार 2020 साठी

पाटीवर जे नाव आहे ते आमच्याकडे कोणाच्या तोंडी नाही. सगळे भियाचं दुकान म्हणतात, भिया म्हणजे आमच्या इंदुरी बोलीत भैय्या, लोकमान्य नगर रेल्वे स्टेशनच्या बाजूनं आत आलात आणि कोणालाही विचारलंत तरी हात दाखवून सांगतील. किराण्याचं दुकान आहे, छोटंच, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पण इंदूरच्या मराठी घराला वर्षभर जे जे लागतं ते सगळं इथे मिळतं, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आमसुलं, भगर, राजगिरा, श्रावणात पत्रीच्या पुड्यासुद्धा, आणि त्याच फळीवर शेजारी जिरावन, लौंगवाली सेव, जाड पोह्यांची गोणी. लोकवन गहू निवडून दळून घरपोच देतात. भाव छापील असतो, कमी नाही जास्त नाही. एवढं झालं दुकानाचं, आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

दुकानाच्या रिव्ह्यूंमध्ये कोणीतरी एक स्टार देऊन ठेवलाय, लिहिलंय की डिस्काउंट देत नाहीत, बोलत बसतात, ॲपवर दहा मिनिटांत येतं ते इथे अर्ध्या तासात येतं. त्या माणसावर माझा राग नाही, तो बहुतेक गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे राहायला आला असेल, त्यानं 2020 चं, कोरोनाच्या लॉकडाऊनमधलं इंदूर पाहिलेलं नसेल. पण ज्यांनी पाहिलंय त्यांनी तरी लिहून ठेवायला पाहिजे ना, म्हणून मी लिहितेय, आणि मोठं लिहिणार आहे, मी शाळेत इतिहास शिकवते, थोडक्यात सांगायची सवय नाही.

त्या वर्षी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघाली नाही तेव्हाच मोठ्यांना कळलं होतं की हे काहीतरी वेगळं आहे, कारण राजवाड्यावरून गेर न निघणं म्हणजे आमच्या शहरासाठी काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मग 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, दिवसभर शहर एकदम चिडीचूप, आणि संध्याकाळी पाच वाजता लोक थाळ्या घेऊन गॅलरीत यायच्या ऐवजी झुंडीनं रस्त्यावर आले, राजवाड्यापाशी तर नाचले. दिवसभर पाळलेलं एका तासात घालवलं. लोकांना वाईट वागायचं नव्हतं हो, काहीतरी एकत्र करायची ओढ होती आणि एकत्र येणंच नको होतं हे कोणी नीट समजावलं नव्हतं. तीनच दिवसांनी 25 मार्चला गुढीपाडवा, देशभर लॉकडाऊनचा पहिला दिवस, त्याच दिवशी इंदूरच्या पहिल्या पेशंटांची बातमी आली आणि शहरात कर्फ्यू लागला. साखरेच्या गाठी आदल्या दिवशीच ज्यांनी आणल्या त्यांच्याच गुढीला होत्या. आमच्या शेजारच्या घरी गुढीला बत्ताशांची माळ दोऱ्यात ओवून घातली, आणि ते बत्तासे भियांनीच गेटवरून आत टाकले होते.

नंतर 30 मार्चपासून तीन दिवस तर किराणासुद्धा पूर्ण बंद झाला. घाऊक बाजार सगळे बंद, सियागंज बंद, चोइथराम मंडी बंद, छावनी बंद. म्हणजे दुकानदाराला माल कुठून येणार आणि आला तरी आपण जाणार कसे. घरात तांदूळ-डाळ असलेल्यांना सुद्धा पोटात गोळा आला होता, ज्यांच्याकडे रोज संध्याकाळी मजुरी हातात आल्यावर पीठ यायचं त्यांचं काय झालं असेल. मला आठवतं माझ्या सासूबाई, ज्या कधी कशाला घाबरत नाहीत, त्यांनी डब्यातली डाळ मोजायला घेतली होती.

मग नगर निगमनं एक फार चांगली गोष्ट केली, त्याचं कौतुक इथेच करून टाकते. आमच्याकडे कचऱ्याची गाडी रोज सकाळी दारात येतेच, 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर आहे तो त्या गाड्यांच्या जिवावर आहे. त्याच गाड्यांबरोबर किराण्याच्या याद्या गोळा करायला सुरुवात झाली. यादी द्या, नाव-नंबर लिहा, वॉर्डातला दुकानदार माल पोचवेल. नवीन ॲप नाही, नवीन ऑफिस नाही, जी गाडी रोज येते आणि जिच्या पोरांना आपण ओळखतो तिच्याच हातात चिठ्ठी द्यायची. पहिल्या दिवशी लोकांना विश्वास बसत नव्हता, दुसऱ्या दिवशी सामान आलं आणि बाहेर डोकावणारी तोंडं कमी झाली. आमच्या वॉर्डातल्या दुकानांमध्ये भियाचं दुकान होतं.

आता त्यांनी काय केलं ते नीट सांगते कारण हे कुठे लिहिलेलं सापडणार नाही.

शटर गुडघ्याएवढंच वर. आडवं बाकडं, त्यावर एक परात साबणाच्या पाण्याची आणि एक स्टीलची ताटली. पैसे ताटलीत टाकायचे, नाणी परातीत जायची, नोटा दोरीवर चिमट्यानं लटकायच्या. फळा लावला बाहेर, शाळेसारखा काळा, त्यावर रोज सकाळी खडूनं लिहायचे, आज काय आहे, काय नाही, काय परवा येईल, आणि भाव. भाव लिहिलेला असल्यामुळे कोणी भांडायला आलंच नाही. आणि फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, रोजची खरी बातमी, म्हणजे आज दूध कोणत्या वेळेत, आपल्या गल्लीत सर्व्हेवाल्या ताई येऊन गेल्या का, मेडिकल कोणतं उघडं आहे. व्हॉट्सॲपवर तेव्हा काय काय फिरत होतं ते आठवा, हे खा ते पिऊ नका, अमुक गल्लीत दहा गेले, तमुक कॉलनी सील. आमच्याकडचे लोक ते मेसेज वाचायचे आणि मग भियांना फोन करून विचारायचे, भिया, खरं आहे का. ते म्हणायचे, मला माहीत नाही ताई, विचारून सांगतो. आणि खरंच विचारून सांगायचे. एका किराणेवाल्याच्या "माहीत नाही"वर लोकांचा जेवढा भरवसा होता तेवढा टीव्हीवरच्या सगळं माहीत असलेल्यांवर नव्हता.

तेलाचं पाकीट एका घराला एक. साखर दोन किलोच्या वर नाही. आमच्याच लाइनीतल्या एका मोठ्या घरातून निरोप आला की आट्याची दहा पाकिटं पाठवा, पैसे आत्ता ऑनलाइन टाकतो. भियांनी दोन पाठवली. वर फोन करून सांगितलं, "दादा, संपलं की फोन करा, रात्री अकराला करा, मी आणून देईन, पण आत्ता दहा दिली तर मागच्या पाच घरांना काय सांगू?" त्या दादांना वाईट वाटलं की नाही माहीत नाही पण त्यानंतर त्यांनी कधी दहा मागितली नाहीत. साठा का होतो, तर उद्या मिळेल याची खात्री नसते म्हणून. ती खात्री एका माणसानं फोनवर दिली आणि साठा थांबला, एवढं साधं आहे ते.

मी मुलांना आता साथरोगांचा भाग शिकवते तेव्हा दोन गावांची गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये इयम नावाचं खेडं आहे, 1665 मध्ये तिथे प्लेग आला, पुढच्या वर्षी गावानं स्वतःच ठरवलं की आपण वेशीबाहेर जायचं नाही म्हणजे आजूबाजूच्या गावांत पसरणार नाही. ठरवलं आणि पाळलं, घरंच्या घरं गेली तरी पाळलं. पण ते पाळता आलं कारण बाहेरची माणसं वेशीवरच्या दगडापाशी अन्न ठेवून जायची आणि गावकरी पैसे व्हिनेगरमध्ये बुडवून तिथे ठेवायचे. भियांची साबणाची परात बघून मला तोच दगड आठवला होता. आणि दुसरी गोष्ट 2014 ची, लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया, तिथली वेस्ट पॉइंट ही गच्च वस्ती, इबोला पसरला म्हणून ऑगस्टमध्ये एका सकाळी लोक उठले तर चारी बाजूंनी पोलीस आणि काटेरी तार. एकवीस दिवसांसाठी बंद म्हणाले. कोणाला विचारलं नव्हतं, खायचं काय ते ठरलं नव्हतं, आतले भाव भडकले, लोक तारेवर धावून गेले, गोळीबार झाला, एक पंधरा वर्षांचा मुलगा गेला. दहा दिवसांत सरकारला ती तार काढावी लागली. इयमच्या लोकांपेक्षा वेस्ट पॉइंटचे लोक वाईट होते का? नाही ना. एका ठिकाणी भाकरी वेशीपर्यंत आली, दुसऱ्या ठिकाणी आधी तार आली.

आपल्याला तर लांब जायची गरजच नाही. पुण्यात 1897 मध्ये रँडच्या वेळी गोरे सोल्जर घराघरांत घुसले, बायकांना बाहेर काढून तपासलं, देवघरात बूट गेले, सामान जाळलं, आणि लोक काय करायला लागले तर आजारी माणूस लपवायला. प्लेगपेक्षा प्लेगची तपासणी भयंकर वाटायला लागली. 22 जूनला चापेकरांनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली तिथपर्यंत ते गेलं. साथरोगाचा जो कायदा त्या वर्षी झाला तोच 2020 मध्ये आपल्यावर लागू होता, 1897 चाच, हे वर्गात सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात.

आणि आमच्या इंदूरमध्येही 1 एप्रिलला टाटपट्टी बाखलमध्ये आरोग्याच्या टीमवर दगड पडले, दोन महिला डॉक्टरांना लागलं. जे झालं ते चुकीचंच झालं, त्यात दोन मतं नाहीत. पण त्या दोघी दुसऱ्या दिवशी परत त्याच भागात गेल्या कामाला, हे जास्त लोकांनी लक्षात ठेवायला पाहिजे. आणि दुसरं असं की ती भीती फक्त त्या एका गल्लीची नव्हती. आमच्या चांगल्या शिकल्या-सवरल्या कॉलनीतसुद्धा लोक उशीत तोंड खुपसून खोकत होते, सर्व्हेवाली ताई आली की सगळे ठीक आहोत म्हणत होते, कारण एकदा का नाव लागलं की ॲम्ब्युलन्स येणार, गल्लीला बल्ल्या म्हणजे बांबू ठोकणार, दारावर कागद चिकटवणार, आणि नंतर वर्षभर लोक त्या घराकडे कसं बघतील. त्या कागदांबद्दल तर शेवटी सुप्रीम कोर्टाला डिसेंबर 2020 मध्ये सांगावं लागलं की असे सरसकट पोस्टर लावायचे नाहीत. तोपर्यंत किती घरांनी ते सोसलं.

आमच्या गल्लीतही बल्ल्या आल्या, मे महिन्यात. एका घरातले आजोबा पॉझिटिव्ह आले, त्यांना नेलं, घरात आजी, सून आणि दोन लहान मुलं. गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले आणि आतलं ते घर जणू सगळ्यांच्या डोक्यातूनच वगळलं गेलं. मी कोणाला नावं ठेवत नाही, सगळे घाबरलेले होते. पण दूधवाला त्या गेटसमोर थांबेना, आणि एका घरातून तर उलट निरोप निघाला की भियांनी तिकडे सामान दिलं तर आमच्याकडे देऊ नये.

भिया त्या संध्याकाळी स्वतः आले, पोराला नाही पाठवलं. मास्क, हातमोजे, खांद्यावर थैली. आजींच्या गेटबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती, तिच्यावर थैली ठेवली, दहा पावलं मागे गेले आणि फोन लावला. गल्ली इतकी शांत होती की आम्हाला वर गॅलरीत ऐकू येत होतं. "आजी, दूध आहे, ब्रेड आहे, मुलांसाठी तो लाल वाला बिस्कुट टाकलाय. यादीत नव्हता, माझ्याकडून. दार मी लांब गेल्यावर उघडा." आजींनी विचारलं पैसे कसे देऊ. "वहीत लिहिलंय, पळून थोडेच चाललात." मग ते वळले आणि ज्या घरातून निरोप आला होता त्यांच्या गॅलरीकडे बघून, आवाज न चढवता बोलले, "वहिनी, मी आत गेलो नाही, कोणाला हात लावला नाही, हा आजार बोलताना जवळ आलं की लागतो, गेटवरून उडी मारून येत नाही. आज त्यांच्या दारात बांबू आहे. उद्या माझ्या दारात असला तर तुम्ही मला उपाशी ठेवाल का?"

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर भियांच्या थैलीच्या बाजूला एक झाकलेला डबा होता. त्याच वहिनींकडचा. आजोबा नंतर बरे होऊन आले, अजून आहेत, रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर पेपर वाचतात, आणि एक स्टारवाल्या दादांना जी मंडळी बोलत बसलेली दिसतात त्यांत एक ते असतात.

वहीबद्दल लिहायलाच पाहिजे. लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही, भिया तिला बही म्हणतात. आमच्या मागे एक बिल्डिंग बांधून राहिले होते, तिथले मजूर अडकले, काम बंद, मुकादम फोन उचलेना. सरकारकडून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळत होतं पण ते रेशन कार्डावर आणि यांची कार्डं गावाला. भियांनी त्यांची पानं वहीत उघडली. नुसता नावापुढे गावाचा उल्लेख, झाबुआ, खरगोन, ललितपूर. आटा, मीठ, तेल, मिरची, बटाटे. हिरवी भाजी तर तेव्हा कोणालाच दिसत नव्हती, सगळं इंदूर बटाटे-कांद्यावर होतं. थोड्या दिवसांनी आमच्याकडच्या एक-दोन घरांना ते कळलं आणि लोक आपलं बिल भरताना वरचे पैसे ठेवून जायला लागले, भिया, मागच्या पानावर टाका. कोणी किती टाकले ते त्यांनी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही, मी विचारलं तर विषय बदलला. ते मजूर तिथेच राहिले, हायवेवर निघाले नाहीत, गाड्या सुरू झाल्यावर गेले.

हायवेवर निघालेल्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आग्रा-मुंबई रोड आमच्या शहराच्या अंगावरून जातो, मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रातून निघालेली माणसं सेंधव्याकडून वर यायची, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, उत्तर प्रदेशापर्यंत पायी. बायपासवर इंदूरकरांनी पाणी, जेवण, चपला घेऊन मांडव टाकले होते. आमच्याकडची पोरं परवानगी काढून पोहे घेऊन जायची, भियांची पोह्यांची गोणी त्यात किती रिकामी झाली देव जाणे. त्या माणसांना घरात थांबा म्हणून कोणी सांगितलं नसेल का? दहा ठिकाणी सांगितलं असेल. पण ज्या खोलीचं भाडं भरायचं राहिलंय आणि ज्या गल्लीतला दुकानदार तुम्हाला ओळखत नाही तिथे माणूस थांबणार कसा. मला तेव्हापासून असं पक्कं वाटतं की बंदी पाळली जाते ती चौकातल्या दांडक्यामुळे पाळली जात नाही. दांडका दिसेनासा झाला की लोक बाहेर येतातच. घरात पीठ आहे, ओळखीचा माणूस खरं सांगतोय, आणि आजारी पडलो तर आपल्याला टाकून देणार नाहीत, ह्या तीन गोष्टी असल्या की माणसं महिनोन् महिने थांबतात. आमची थांबली. इंदूर रेड झोनमध्ये होतं, लॉकडाऊन आधी 14 एप्रिलपर्यंत होता, मग तीन वेळा वाढला, 3 मे, 17 मे, 31 मे, आणि आमच्या लाइनीत पोलिसांची गाडी नुसती येऊन जायची, त्यांना कोणाला हटकायची वेळच येत नव्हती.

ह्या शहराला हे शंभर वर्षांपूर्वी एकदा कळलं होतं, आणि ही गोष्ट इंदूरच्याच लोकांना माहीत नसते याचं मला फार वाईट वाटतं. तुकोजीराव होळकर तिसऱ्यांच्या काळात पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार इंदूरला आले होते, 1918 मध्ये त्यांचा शहराचा मोठा अहवाल छापला गेला. त्यांच्या वेळी शहरात प्लेगची भीती होती आणि लोकांना सफाईचे हुकूम म्हटलं की कपाळाला आठ्या. त्यांनी काय केलं, तर दिवाळीची मोठी मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की जो रस्ता, जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ असेल तिथून मिरवणूक जाईल. लोकांनी आपणहून घरं उपसली, गाडेच्या गाडे भरून कचरा निघाला, भिंती रंगवल्या. मिरवणुकीत प्लेगचा म्हणून अवाढव्य उंदीर केला होता, घाणीचा राक्षस होता, तो शेवटी रावणासारखा जाळला, आणि घरोघरी तुळशीची रोपं वाटली. लोकांच्या सणातूनच लोकांशी बोलले ते. 2020 च्या गणपतीत आमच्या लाइनीनं सार्वजनिक गणपती नाही बसवला, कोणी सक्ती करायच्या आधीच ठरवलं, आणि आरती गॅलरीतून केली. आरतीची वेळ कुठे लिहिलेली होती तर भियांच्या फळ्यावर.

2021 बद्दल मी फार लिहिणार नाही. एप्रिलमध्ये परत सगळं बंद झालं आणि ह्या वेळी प्रश्न पिठाचा नव्हता, श्वासाचा होता. खंडवा रोडला राधास्वामी सत्संगाच्या जागेत सहाशे बेडचं माँ अहिल्या कोविड सेंटर उभं राहिलं त्यानं शहराला आधार दिला. आमच्या लाइनीनं माणसं गमावली. आणि त्याच वेळी भिया स्वतः आजारी पडले, घरी त्यांच्या बायकोलाही ताप. दुकान बंद झालं तर काय, असा विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी फोनवर भाच्याला सांगितलं की किल्ली समोरच्या ताईंकडे दे. आमच्यातल्या चार-पाच जणींनी दुकान चालवलं. एक याद्या घ्यायची, एक माल काढायची, कॉलेजची पोरं पोचवायची, फळा मी लिहायचे, अक्षर बरं म्हणून. वहीत प्रत्येक ओळ लिहिली. भिया परत आले, काउंटरवर बसून हिशोब बघितला आणि म्हणाले की गल्ल्यात पैसे जास्त आहेत, कोणीतरी मागच्या पानावर टाकून गेलंय. त्यांच्या दारातल्या खुर्चीवर त्या दिवसांत रोज डबे होते, कोणाला पाळी लावावी लागली नाही.

म्हणून डिस्काउंटचं ज्यांना वाटतं त्यांना मला एवढंच विचारायचं आहे की दहा मिनिटांत येणाऱ्या पोराला तुमच्या सासूबाईंची शुगर माहीत आहे का. भियांना माहीत आहे, गुळाची पावडर मागवली तर ते फोन करून विचारतात की कोणासाठी. ॲपवाल्या पोरांशी माझं काही वाकडं नाही, उन्हातान्हात पळतात बिचारी. मीही ॲपवरून मागवते कधी कधी, पाहुणे दारात असतील तेव्हा. पण महिन्याचं सामान मी भियांकडूनच घेते आणि तुम्हीही घ्या असं कळकळीनं सांगते, कारण असं दुकान फक्त आणीबाणीत आठवून चालत नाही, मधल्या काळात ते जगलं पाहिजे.

आता उणं काय आहे तेही लिहिते म्हणजे रिव्ह्यू पूर्ण होईल. जागा खरंच अपुरी आहे, गाडी लावायला जागा नाही, पायी जा. शेंगदाणे कधी कधी जुने निघतात, दाखवले तर बदलून देतात. साबण-शाम्पूमध्ये निवड कमी. दुपारी दोन ते चार बंद असतं आणि त्या वेळात फोन केलेला त्यांना आवडत नाही, करू नका. ऑनलाइन पैसे चालतात पण भियांना स्पीकरवरचा आवाज ऐकल्याशिवाय समाधान होत नाही, थोडं थांबा. फळा अजून आहे, आता त्यावर भाजणी कधी दळून येणार ते असतं, बहुतेक बुधवारी येते आणि शुक्रवारपर्यंत संपते, आधी सांगून ठेवलंत तर नाव लिहून बाजूला काढून ठेवतात. नवीन राहायला आला असाल तर पहिल्यांदा जाल तेव्हा घरात वयस्क कोणी असतील तर त्यांचं नाव आणि एक फोन नंबर वहीत लिहून द्या, शेवटच्या पानांवर ती यादी आहे, 2020 मध्ये सुरू केलेली, भिया अजून तिच्यात नवीन नावं घालत असतात.